४२८ आणि ‘सुमारे १२००’

२३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई गावाजवळ इंग्रज आणि मराठे यांच्यात मोठी लढाई झाली. इंग्रजांकडचे ४२८ जण ठार झाले, ११३८ जखमी झाले आणि १८ बेपत्ता झाले. दोनशेहून अधिक वर्षे उलटली, तरी हा आकडा आपण इतका नेमका सांगू शकतो, कारण लढाईनंतर प्रत्येक पलटणीने आपली माणसे मोजली आणि यादी वर पाठवली. मराठ्यांकडचे किती मेले? उत्तर मिळते ते असे : सुमारे १२००. हा आकडाही इंग्रजांच्याच अहवालातला. मैदानात पडलेल्या मृतदेहांचा तो अंदाज आहे. जखमी किती झाले, घरी किती परतले, वाटेत किती दगावले, याची नोंद नाही.

एकीकडे ४२८ आणि दुसरीकडे ‘सुमारे’. १८०३ च्या युद्धाबद्दल मला जे म्हणायचे आहे ते या दोन शब्दांच्या मधल्या जागेबद्दल आहे.

हे युद्ध आपल्या दारातले आहे. इतिहासाच्या पुस्तकात त्याला दुसरे इंग्रज-मराठा युद्ध म्हणतात आणि ते काही ओळींत संपते. पण नकाशा उघडून बघा. असई जालन्यात. २९ नोव्हेंबरची अडगावची लढाई अकोला जिल्ह्यात, तेल्हारा तालुक्यात. १५ डिसेंबरला पडलेला गाविलगड चिखलदऱ्याजवळ. १७ डिसेंबरचा नागपूरकर भोसल्यांचा तह देवगावचा आणि ३० डिसेंबरचा शिंद्यांचा तह सुर्जी-अंजनगावचा, म्हणजे दोन्ही वऱ्हाडातले. वेलस्लीची फौज असईनंतर बालाघाटावरून खाली पयनघाटात उतरली. आपला वाशीम जिल्हा त्या बालाघाटावरच वसलेला आहे. तरीही आपल्या मुलांना पानिपत पाठ असते आणि अडगाव माहीत नसते.

पानिपताचे नशीब चांगले म्हणायचे. त्र्यं. शं. शेजवलकरांसारखा माणूस त्याला मिळाला. त्यांनी रणभूमी पायाखाली घातली, अंतरे बघितली, कागद तपासले, आणि मग लिहिले. त्यानंतर कादंबरी आली, नाटके आली, चित्रपट आला. १८०३ ला असे काही लाभले नाही. रियासतकार सरदेसाईंनी या काळाचा राजकीय इतिहास लिहिला, तो मोलाचा आहे. पण तोफा कुठे ओतल्या, दारू कुठून आली, शिपायाचा पगार किती महिने थकला, बैलांना चारा कोणी दिला, असे प्रश्न घेऊन या युद्धावर दहा-बारा अभ्यासकांनी मिळून लिहिलेला लेखसंग्रह मराठीत हवा, असे माझे मत आहे. एकट्या माणसाचे ते काम नाही. कोणाला मोडी यावी लागेल, कोणाला फारसी, कोणाला धातुकाम, कोणाला शेती आणि पाऊसपाणी.

असा संग्रह कशाला हवा, असे कोणी विचारेल. हरलो ते हरलो, आता उगाळून काय मिळणार? मिळणार ते हे की, या पराभवाबद्दल आपल्या डोक्यात बसलेली तीन सोपी उत्तरे तपासता येतील.

पहिले उत्तर असे की, इंग्रजांकडे चांगली हत्यारे होती आणि आपल्याकडे भाले-तलवारी. हे खरे नाही. असईला मराठ्यांकडे शंभराच्या आसपास तोफा होत्या, इंग्रजांकडे त्याच्या पाचव्या हिश्शाएवढ्याही नव्हत्या. लढाईनंतर ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. त्यांतल्या पितळी तोफा इतक्या उत्तम होत्या, की त्या कंपनीच्या सेवेत वापरता येतील असे वेलस्लीने कळवले. उत्तरेत शिंद्यांचे तोफा ओतण्याचे कारखाने आग्रा, मथुरा या भागात चालत होते. १ नोव्हेंबर १८०३ ला लासवारीत जनरल लेकने शिंद्यांच्या पलटणी मोडल्या, पण त्याचे स्वतःचे आठशेहून जास्त लोक ठार-जखमी झाले. मराठ्यांचे गोलंदाज तोफेजवळून हलले नाहीत, तोफेवरच संगिनीने मारले गेले, ही कबुली खुद्द लेकने दिली आहे. असईलाही असेच झाले. इंग्रजांची रांग पुढे निघून गेल्यावर मेल्याचे सोंग घेऊन पडलेले काही गोलंदाज उठले आणि तोफा फिरवून त्यांनी मागून मारा सुरू केला.

शिस्तीचेही तसेच. वेलस्लीने केळणा नदी भलत्याच ठिकाणी ओलांडली. वाटाडे म्हणत होते, इथे उतार नाही. त्याने समोरासमोरच्या काठांवर दोन गावे पाहिली आणि मनाशी हिशेब केला की, दोन गावे अशी समोरासमोर असतील तर मध्ये पायवाट असणारच. उतार सापडला आणि तो मराठ्यांच्या बगलेवर आला. एखादी सैल फौज इथेच गोंधळली असती. पण शिंद्यांच्या पायदळाने आपली सगळी रांग फिरवून नव्या दिशेला तोंड केले. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, शत्रू समोर असताना रांग फिरवणे हे कवायतीशिवाय होत नाही.

‘कवायत’ हा शब्द माझ्या विद्यार्थ्यांना पी.टी.च्या तासामुळे माहीत असतो. उर्दूच्या तासाला मी त्यांना सांगतो, ‘क़ायदा’चे अनेकवचन ‘क़वाइद’. नियमांनी चालणारी ती कवायती फौज. मराठीतला ‘कंपू’ शब्द आज आपण टोळक्याला वापरतो. तो मूळचा शिंद्यांच्या या पलटणींचा. डी बॉयन या सरदाराने महादजींसाठी उभे केलेले कंपू सगळ्या हिंदुस्थानात नावाजलेले होते. फौज, रसद, मुक्काम, कूच, खंदक, तोफ, शिपाई, गोलंदाज असे लढाईचे अर्धे शब्द मराठीने फारसी, अरबी आणि तुर्कीतून घेतले आणि इतके आपलेसे केले की, आता ते कोणाला परके वाटत नाहीत.

दुसरे उत्तर असे की, फितुरी झाली म्हणून हरलो. यात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. शिंद्यांच्या उत्तरेकडच्या फौजेचा प्रमुख पेराँ हा फ्रेंच अधिकारी सप्टेंबर १८०३ मध्ये चाकरी सोडून इंग्रजांकडे गेला. मराठ्यांच्या नोकरीतून बाहेर पडलेल्या लुकन नावाच्या अधिकाऱ्याने ४ सप्टेंबरला अलीगडच्या किल्ल्यावर चालून जाणाऱ्या इंग्रजांना वाट दाखवली. मग एवढ्यावर निकाल लावायचा का? प्रश्न पुढचा आहे. ती माणसे का गेली? गव्हर्नर जनरलने ऑगस्टमध्येच जाहीरनामा काढला होता. मराठ्यांच्या चाकरीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी ती सोडावी, त्यांचे नुकसान कंपनी भरून देईल. म्हणजे गोळी सुटण्याच्या आधी रुपया सुटला होता. आणि हा रुपया देता येत होता, कारण सुरत, बनारस अशा ठिकाणच्या सावकारांत कंपनीची पत होती. त्यांच्या हुंड्यांवर पैसा उभा राहत होता. इकडे शिंद्यांच्या सरकारात पगार थकत होते. रँडॉल्फ कूपर यांनी २००३ साली केंब्रिजकडून प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हाच मुद्दा मांडला आहे. हे युद्ध तोफांच्या दर्जावर कमी आणि लष्कराला लागणाऱ्या पैशावर, माणसांच्या बाजारावर जास्त ठरले, असे त्यांचे म्हणणे आहे. हे पुस्तक इंग्रजीत आहे आणि लढाया आपल्या गावांजवळच्या आहेत.

फितूर म्हटले की एक माणूस दोषी ठरतो आणि बाकी सगळे सुटतात. पगार थकला म्हटले की राज्याचा हिशेब मागावा लागतो. अधिकारी परके, त्यांच्या जागी तयार केलेले आपले अधिकारी पुरेसे नाहीत, शिंदे-भोसल्यांचे हजारो घोडदळ असईला जवळपास नुसते उभे, आणि यशवंतराव होळकर त्या वर्षी युद्धाबाहेर. होळकर लढायला उतरले ते १८०४ मध्ये, जेव्हा शिंदे आणि भोसले तह करून बसले होते.

तिसरे उत्तर मला सर्वांत जास्त त्रास देते. ते कोणी इतक्या स्पष्ट शब्दांत लिहीत नाही, पण वर्गात ऐकू येते. इतिहासातली प्रत्येक लढाई हिंदू विरुद्ध मुसलमान अशी असते, असे मुलांनी धरून ठेवलेले असते. एकदा सातवीतल्या एका मुलाने मला विचारले, “सर, त्या लढाईत आपण कोणत्या बाजूने होतो?” त्याचा ‘आपण’ कोण, हे त्याला वेगळे सांगावे लागले नाही. शेजारच्या बाकावरच्या मुलाचा ‘आपण’ वेगळा असणार, हेही त्याला ठाऊक होते. दोघे एकाच डब्यातली पोळी खाणारे.

त्याला उत्तर द्यायला १८०३ इतके चांगले युद्ध नाही. शिंद्यांच्या कंपूत तिलंगे होते, नजीब होते. पुरबी ब्राह्मण-राजपूत होते, रोहिले-पठाण होते. भोसल्यांच्या चाकरीत अरब होते. अडगावला संध्याकाळच्या वेळी एक तुकडी इंग्रजांच्या ७४ आणि ७८ या गोऱ्या पलटणींवर थेट चालून गेली आणि जवळपास सगळी कापली गेली. वेलस्लीच्या अहवालात त्यांना ‘पर्शियन’ म्हटले आहे, नंतरच्या लेखकांनी अरब म्हटले. शेकडो माणसे मेली आणि ती कोण होती हेसुद्धा नीट लिहिले गेले नाही. गाविलगड लढवताना मारला गेलेला किल्लेदार बेणीसिंग राजपूत होता. असईच्या मैदानावर शिंद्यांच्या बाजूने बेगम समरूच्या पलटणी होत्या. ही सरधन्याची जहागीरदारीण मुसलमान घरातली, नंतर कॅथॉलिक झालेली, आणि तिची माणसे मराठ्यांच्या सामानाचा पहारा करत होती.

आता समोरची बाजू बघा. वेलस्लीच्या फौजेत गोऱ्या पायदळाच्या दोनच पलटणी आणि गोऱ्या घोडदळाची एक. बाकीचे मद्रासकडचे हिंदी शिपाई. शिवाय म्हैसूरचे घोडेस्वार, पेशव्यांचे मराठा घोडेस्वार. अडगावला निजामाचे मुघल घोडदळ त्याच्यासोबत होते. आजही भारतीय सैन्याच्या मद्रास रेजिमेंटच्या बोधचिन्हावर जो हत्ती आहे तो असईचा हत्ती आहे. तो हत्ती मराठ्यांविरुद्धच्या विजयाचा आणि तो जिंकणारे शिपाईही याच देशाचे. या युद्धात हिंदू कोणत्या बाजूने होते? दोन्ही. मुसलमान कोणत्या बाजूने होते? दोन्ही. माणूस ज्याचे मीठ खाई त्याच्यासाठी लढे. तो काळ तसा होता.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. दोन्हीकडे आपलीच माणसे होती असे म्हणून कंपनीला मोकळे सोडायचे का? अजिबात नाही. शिपाई कुठूनही आलेला असो, पण मुलूख गिळण्याचा बेत कंपनीचाच होता. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहावर सही केली तेव्हाच पेशवाईचे स्वातंत्र्य गहाण पडले. माझे म्हणणे एवढेच आहे की, दोष योग्य ठिकाणी ठेवला पाहिजे. तो धर्मावर ठेवला की कंपनी आपोआप सुटते, आणि आपल्या दरबारांचे दिवाळखोर हिशेबही सुटतात.

लेखसंग्रहात आणखी एका विषयाला जागा हवी. तो विषय म्हणजे धान्य. फौज पोटावर चालते. वेलस्लीच्या लष्करामागे म्हैसूरचे बैल आणि बंजाऱ्यांचे तांडे होते. लमाण बंजारे पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांनी धान्य आणत आणि लष्कराच्या बाजारात विकत. पोहरादेवी आपल्या मानोरा तालुक्यात आहे. देशभरातून बंजारा समाज तिथे येतो. पण ज्यांच्या तांड्यांवर दख्खनमधल्या मोठमोठ्या फौजा जेवल्या, त्यांचा या युद्धातला वाटा कोणत्या मराठी पाठ्यपुस्तकात आहे? आणि शेतकऱ्याचे काय? १८०३-०४ मध्ये दख्खनवर भीषण दुष्काळ होता. पाऊस कमी आणि वरून फौजांची ये-जा. वऱ्हाडात तर निजाम आणि भोसले असा दुहेरी अंमल, म्हणजे वसुलीही दोघांची. रणांगणावर न गेलेला जो कुणबी, जो विणकर, जी बाई या वर्षी उपाशी मेली, ती कोणत्याच यादीत नाही. ‘सुमारे’ हा शब्दही त्यांच्या वाट्याला आला नाही.

युद्ध संपले आणि आपले काय झाले, हाही एक लेख व्हावा. देवगावच्या तहाने भोसल्यांनी ओरिसातला कटक प्रांत कंपनीला दिला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. तो निजामाकडे गेला. निजामाला हे फुकट पडले नाही. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज पुढे त्याच्या खर्चाने पोसली जाऊ लागली. तिची एक छावणी हिंगोलीला होती, वाशीमहून तासाभराच्या वाटेवर. त्या फौजेच्या पगाराचे कर्ज वाढत गेले आणि १८५३ मध्ये ते फेडण्यासाठी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. म्हणजे आपला मुलूख इंग्रजी अमलाखाली गेला तो एखादा किल्ला पडून नव्हे, तर शिपायांच्या पगाराच्या थकबाकीपायी. १८०३ मध्ये जो हिशेब शिंद्यांना जमला नाही, तोच पन्नास वर्षांनी निजामालाही जमला नाही. वाशीम जिल्हा झाला, १९०५ मध्ये मोडला, १९९८ मध्ये पुन्हा झाला, या सगळ्या उलाढालीची सुरुवात शोधत गेलो तर आपण त्या देवगावच्या तहापर्यंत जातो.

हे लिहिण्यासाठी साधने नाहीत असे नाही. वेलिंग्टनचा पत्रव्यवहार छापलेला आहे. पुणे रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार जदुनाथ सरकार आणि सरदेसाई यांच्या देखरेखीखाली अनेक खंडांत निघाला. सुरेंद्रनाथ सेन यांनी मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवर १९२८ मध्ये पुस्तक लिहिले. मोडी दफ्तरे आहेत, फारसी अखबार आहेत. कमी आहे ती ही सगळी साधने एका टेबलावर मांडून मराठीत लिहिणाऱ्यांची. इथे मला माझ्याच समाजाला काही सांगायचे आहे. उर्दू शाळांतून दरवर्षी शेकडो मुले-मुली बाहेर पडतात, त्यांना ही लिपी वाचता येते. थोडी मेहनत घेतली तर त्यातली काही फारसी कागद वाचू शकतील. महाराष्ट्राच्या इतिहासाला आपण एवढी सेवा देऊ शकतो आणि ती देताना कोणाला आपली निष्ठा सिद्ध करून दाखवायची गरज नाही. मोडी शिकणाऱ्या मराठी शाळेतल्या मुलाला फारसी वाचणाऱ्या मुलाची गरज पडेल, आणि याला त्याची. ‘आपण कोणत्या बाजूने’ हा प्रश्न तिथे मागे पडेल, कारण समोरचा कागद दोघांनाही अर्धाच वाचता येत असेल.

सुरुवात लहान असावी. अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रात इतिहासाचे कितीतरी प्राध्यापक आहेत. त्यांनी एकेक विषय वाटून घ्यावा : असईच्या तोफा, अडगावचे पायदळ, गाविलगडाचा वेढा, कंपूंचा पगार, बंजाऱ्यांचे तांडे, १८०३ चा दुष्काळ, तहानंतरचे वऱ्हाड. शाळांनी सहली शेगाव-लोणारला नेतातच, वर्षातून एक अडगाव-सिरसोलीच्या शेतांकडे न्यावी. तिथल्या जुन्या माणसांकडून लढाईच्या काही आठवणी, काही जागांची नावे अजून मिळाली तर ती उतरवून घ्यावीत. आणि संग्रहाच्या शेवटी एक परिशिष्ट असावे : मराठ्यांच्या बाजूने लढलेल्यांपैकी ज्यांची नावे कोणत्याही कागदात सापडतील त्यांची यादी. सरदाराचे नाव सापडेल, जमादाराचे सापडेल, एखाद्या गोलंदाजाचेही सापडेल. यादी पन्नास नावांची झाली तरी चालेल. इंग्रजांची पूर्ण आहे, आपली निदान सुरू तरी होईल.